तीन भाषांच्या घराचं केबल बिल

एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत माझी वसुली असते. माझी केबलची लाइन सोलापूरच्या पूर्व भागात, जोडबसवण्णा चौकाच्या मागच्या गल्ल्यांत. १९९४ साली नवऱ्यानं आणि दिरानं गच्चीवर डिश बसवली आणि या घरावरून त्या घरावर वायर ओढली. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं वही माझ्याकडे आहे. एके काळी या वहीत बाराशेच्या आसपास घरं होती. या महिन्यात ४२६ उरलीत.

परवा तीन तारखेला एका अव्वांकडे गेले. वय सत्तरीच्या पुढं. दारात उजेडाला बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, बोटानं तोंड मुडपायचं. डोळे सगळा वेळ पानावर. आत टीव्हीवर तेलुगू मालिका चालू होती आणि अव्वा ती ऐकत होत्या. एखादा नवा आवाज आला की तेवढी मान वर व्हायची, चेहरा बघून घ्यायच्या, की परत विडी.

"पोरगा म्हणतो केबल बंद कर, फोनवर सगळं येतं," अव्वा म्हणाल्या. मग तंबाखूनं माखलेले दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "मी फोन कशानं धरू, अम्मा?"

त्या प्रश्नानं मी तीन दिवस अस्वस्थ आहे, म्हणून हे लिहायला बसले.

अव्वांचं बिल २८८ रुपये. ते असं होतं. वाहिन्या दाखवण्याचा मूळ आकार १३० रुपये. त्यावर पैसे भरून घ्यायच्या वाहिन्या. अव्वांना तेलुगूच्या तीन लागतात. सून इथंच शिकलेली, तिला मराठी हवी. नातवाला क्रिकेट, मुलाला हिंदी सिनेमे. प्रत्येकी १९ रुपये धरले तरी सहा वाहिन्यांचे ११४. बेरीज २४४, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३ रुपये ९२ पैसे. झाले २८७ रुपये ९२ पैसे.

आता हेच पुण्यातल्या एखाद्या घरात बघा. मराठीच्या दोन, हिंदीची एक, क्रिकेटची एक, विषय संपला. आमच्या पूर्व भागात पद्मशाली घरात तेलुगू, लिंगायत घरात कन्नड बोलतात, आणि शाळा, बाजार, सरकारी काम सगळं मराठीत. एका घरात दोन भाषा तर सगळीकडं, तीनही कमी नाहीत. आम्हाला सिग्नल देणारी जी वरची केबल कंपनी, तिचे पॅक मात्र राज्याच्या नकाशावर बनतात. महाराष्ट्राच्या पॅकमध्ये तेलुगू नसतं, तेलुगूच्या पॅकमध्ये मराठी नसतं. दोन्ही घ्या, नाहीतर एकेक वाहिनी सुटी घ्या. विड्या वळणाऱ्या आणि टॉवेलच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसांचं शहर, आणि घरात भाषा जास्त म्हणून बिल जास्त. हे मला कधीच पटलं नाही.

पूर्वी असं नव्हतं. अॅनालॉगच्या काळात वायरीतून येईल ते सगळं दिसायचं आणि आम्ही एकच रक्कम घ्यायचो. मग डिजिटल आलं. दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांत सोलापूर होतं, ३१ मार्च २०१३ ची मुदत. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसवताना नवऱ्यानं दोन महिने रात्रीचं जेवण वेळेवर केलं नाही. तरीही बॉक्स आल्यावर बिल २२० च्या आसपास टिकलं, भाषा कितीही असोत.

खरी उलथापालथ २०१९ च्या फेब्रुवारीत झाली. ट्राय म्हणजे टीव्ही-फोनच्या सेवांवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था, तिचा नवा दरनियम आला. ग्राहकानं बघायच्या तेवढ्याच वाहिन्यांचे पैसे द्यावेत, हा विचार चांगला होता, आजही मी त्याला नावं ठेवणार नाही. १३० रुपयांत १०० वाहिन्या, पुढं हव्या त्या निवडून घ्या. त्या महिन्यात मी प्रत्येक घरी फॉर्म घेऊन बसले, वाहिन्यांची नावं वाचून दाखवली, खुणा केल्या. एकाच भाषेच्या घरांना बिल जेमतेम तेवढंच आलं. दोन-तीन भाषांच्या घरांना साठ-सत्तर रुपये जास्त. लोकांनी मलाच विचारलं, "तू वाढवलंस का?"

माझ्या हातात किती येतं तेही सांगते. १९ रुपयांच्या वाहिनीतले ८० टक्के वाहिनीवाल्या कंपनीचे. उरलेले ३ रुपये ८० पैसे आमची वरची कंपनी आणि मी वाटून घेतो, माझा वाटा ४५ टक्के. म्हणजे १ रुपया ७१ पैसे. मूळ १३० मधले साडेअठ्ठावन्न माझे. यातच अॅम्प्लिफायर जळला तर तो, पावसात तुटलेली वायर, आणि शिडी घेऊन फिरणाऱ्या मुलाचा पगार.

फोनचं येणं तर सगळ्यांनी पाहिलंच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्यासारखा झाला. २०२१ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं मोबाइलचा प्लॅन १९९ वरून १४९ वर आणला. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसली, आणि माझ्या वहीतली क्रिकेटसाठी थांबलेली तरुण पोरांची घरं त्याच उन्हाळ्यात सुटली. आमच्याकडं वाहिन्यांचे दर ट्रायच्या नियमांत अडकलेले. ऑनलाइनवाल्यांना ट्रायचा हा दरनियम लागूच नाही, ते सणाला भाव पाडतात आणि वर्षाचे पैसे एकदम घेतात. डिशवाल्या कंपन्यांचीही तीच गत. ट्रायच्या आकड्यांत २०२१ च्या मार्चला पैसे भरून डीटीएच घेणारे जवळपास ७ कोटी होते, २०२५ च्या मार्चला ५ कोटी ७० लाखांच्या आसपास राहिले.

त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत, ऐन महाशिवरात्रीच्या सुमारास, वाढीव दराच्या करारावर सह्या केल्या नाहीत म्हणून मोठ्या प्रसारण कंपन्यांनी देशभरातल्या अनेक केबल कंपन्यांचे सिग्नल बंद केले. पडदे काळे. भांडण दिल्ली-मुंबईत, आणि दारात उभी मी. आठवडाभरात वाहिन्या परत आल्या, पण त्या आठवड्यात ३८ घरांनी बॉक्स परत केले. त्यातलं एकही परत आलं नाही.

आता परवाचा निरोप. आमच्या वरच्या कंपनीनं कळवलंय, पुढच्या महिन्यापासून मूळ आकार १५०. ग्राहक घटले, खर्च तोच, म्हणून उरलेल्यांवर वीस रुपये. अव्वांचं बिल ३११ रुपये ५२ पैशांवर जाणार. मी रात्री हिशेब मांडला. वीस रुपयांतले नऊ माझे, ४२६ घरांचे ३,८३४. अव्वांसारखी पन्नास घरं सुटली की ही सगळी वाढ बुडाली, आणि पन्नास घरं सुटायला या भागात दोन महिने पुरतात. सुटणारे सुटून गेलेत. राहिलेत ते हात अडकलेले लोक, म्हातारी माणसं, घरात एकच फोन असलेली कुटुंबं. वाढ नेमकी त्यांच्यावर टाकायची हा कसला धंदा?

मी गेल्या वर्षीच कंपनीच्या ऑफिसात सांगितलं होतं, आम्हाला सोलापूरचा वेगळा पॅक द्या. तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही भाषांच्या दोन-दोन वाहिन्या, एक हिंदी, करासकट सव्वादोनशेच्या आत. तिथला मुलगा सभ्य होता, पण म्हणाला, "ताई, पॅक स्टेटवाइज असतात." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता वाचून ठेवलंय. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं १३० ची मर्यादा काढली, आणि मूळ आकार भागानुसार वेगळा ठेवायला मोकळीक दिली. कंपनीनं स्वतः बांधलेल्या पॅकवर पूर्वी १५ टक्क्यांपर्यंत सूट देता यायची, ती ४५ टक्क्यांपर्यंत नेली. नियमानं दर वाढवायला वाट दिली तशी सोलापूरपुरता कमी करायलाही दिली. आमच्या कंपनीनं त्यातली पहिलीच वाट उचलली.

अव्वांशी परवा अर्धा तास बसले. नातू क्रिकेट फोनवर बघतो, ती वाहिनी काढली. हिंदी सिनेमाची काढली. तेलुगूतली एक काढू का विचारलं, तर अव्वा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तीच काढ, पण मराठी राहू दे. संध्याकाळी सून माझ्याजवळ बसते ती त्या मालिकेपुरती." तीन वाहिन्या राहिल्या. वाढीव आकार धरूनही पुढचं बिल २४४ रुपये २६ पैसे. माझा २०१९ पासूनचा अनुभव सांगतो की तीन वाहिन्यांवर आलेलं घर वर्षभरात सुटतं.

त्या दिवसापासून वसुलीला जाते तिथं पैशांच्या रकान्याशेजारी घरात बोलतात त्या भाषा लिहून घेतेय. ते, क, म, आणि उर्दूचा उ. काल रात्रीपर्यंत २११ घरं झाली, त्यात एकाच भाषेची फक्त ३४. दहा तारखेपर्यंत बाकीची होतील. अकराला वहीच्या झेरॉक्स काढून शेजारच्या दोन लाइनवाल्यांबरोबर कंपनीच्या ऑफिसात जाणार आहे.