लेकीच्या डोळ्यांची लांबी मोजली तेव्हा

गेल्या वर्षी लेकीचा नंबर मायनस दीड निघाला, म्हणजे तिला लांबचं धूसर दिसत होतं. चष्म्याच्या दुकानात म्हणाले, "थोडा कमीच देऊ, म्हणजे डोळ्याला सवय लागून वाढणार नाही." मला पटलं. मायनस एकचा चष्मा घेऊन घरी आलो.

या जूनमध्ये बाईंनी सांगितलं की ती फळ्यावरचं सगळं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. तेव्हा कुठे मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीआधी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब, दर दहा मिनिटांनी, असं तीन वेळा. पहिला थेंब झोंबला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. तासाभराने तिच्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की तिला स्वतःच्या तळहातावरच्या रेषा दिसेनात. नंबर निघाला मायनस अडीच. ती फक्त आठ वर्षांची आहे!

कमी नंबरच्या चष्म्याबद्दल विचारलं. 2002 मध्ये मलेशियात 94 मुलांवर नेमकं हेच करून पाहिलं होतं. ज्यांना कमी नंबर दिला त्यांचा नंबर उलट जास्त वाढला. ते वर्ष वाया गेल्याची हळहळ मला अजून आहे.

मग एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून डोळ्याची लांबी मोजली. 24.1 मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, "ताई, नंबर ही नुसती खूण. खरं म्हणजे डोळा मागच्या बाजूला लांब होतोय. पडदा ताणला जातो, पुढे मोठेपणी तो सुटण्याचा धोका वाढतो. आपल्याला ही लांबी रोखायची आहे." नेहमीच्या चष्म्याने दिसतं, पण वाढ थांबत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

उपाय दोन होते. एक, खास काचा: मध्यभागी नेहमीचा नंबर आणि भोवती मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भिंगं. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत त्यांनी वाढ साधारण निम्म्यावर आणली होती. त्या आम्हाला महाग पडत होत्या. दुसरा, रात्री झोपताना अ‍ॅट्रोपिन या औषधाचा एक थेंब, हीच वाढ मंदावण्यासाठी. किती तीव्रतेचा, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. हाँगकाँगमध्येच 438 मुलांवर तीन तीव्रता तपासल्या, त्यात 0.05 टक्के सर्वांत प्रभावी ठरली. 2023 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत मात्र 0.01 टक्क्याचा उपयोग दिसला नाही. डॉक्टरांनी 0.05 लिहून दिलं. उन्हात डोळे दिपतात, म्हणून टोपी लागते.

पूर्ण नंबरचा चष्मा, रोजचा थेंब, आणि वाचताना पुस्तक हातभर लांब. पहिले पंधरा दिवस रोज रडारड झाली. आता ती स्वतःच बाटली घेऊन उशीवर डोकं टेकते.

डिसेंबरमध्ये पुन्हा मोजलं: 24.19. "थांबलं नाही, पण वेग कमी आहे," डॉक्टर म्हणाले. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं.

धाकटा पाच वर्षांचा आहे, त्याला अजून नंबर नाही. नंबर लागण्याआधीच बाहेर खेळण्याचा फायदा जास्त असतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या 12 शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यांतल्या 30.4 टक्के मुलांना मायनस नंबर लागला, बाकीच्या शाळांत 39.5 टक्क्यांना. म्हणून शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्ही तिघं उजेड असेपर्यंत मैदानावर असतो.