फोटो कोकणकड्याचा, प्रिंट न्यू जर्सीत

कोकणकड्याचा किंवा कासचा चांगला फोटो कुठेही टाकला की 'हा भिंतीवर लावायला मिळेल का?' असा प्रश्न येतोच. विचारणारा बऱ्याचदा अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमध्ये असतो. पुण्यातून प्रिंट काढायची, नळीत गुंडाळायची, कुरिअरने पाठवायची आणि ती दुमडून पोचली की परत पाठवायची, या भानगडीत प्रिंटपेक्षा टपालखर्च जास्त होतो. त्यापेक्षा फाइल ऑनलाइन ठेवायची आणि प्रिंट गिऱ्हाइकाच्याच देशात काढून घ्यायची. या पोस्टमध्ये स्मगमग धरून सांगतो. झेनफोलिओ, पिक्सीसेट या इतर सेवांची रचना थोडीफार अशीच आहे.

स्मगमग ही २००२ पासूनची अमेरिकन सेवा. २०१८ मध्ये तिने फ्लिकर विकत घेतलं, म्हणून अनेकांना दोन्ही एकच वाटतात. तसं नाही. फ्लिकर फोटो दाखवायला, स्मगमग विकायला. स्मगमगला फुकट खातं नाही, सुरुवातीचे चाचणीचे दिवस तेवढे मिळतात. दुकान हवं असेल तर विक्रीची सोय कोणत्या प्लॅनमध्ये आहे ते आधी बघा. सगळ्यात स्वस्त प्लॅन घेऊन नंतर 'किंमत कुठे टाकायची?' म्हणून शोधत बसू नका.

व्यवहार असा चालतो: गिऱ्हाइक गॅलरीत फोटो निवडतं, साइझ आणि कागद ठरवतं, कार्डाने पैसे भरतं. ऑर्डर थेट लॅबला जाते. अमेरिकेत बे फोटो, डब्ल्यूएचसीसी, ब्रिटनमध्ये लॉक्सली. लॅब छापते, पॅक करते, घरपोच पाठवते. लॅबचा मूळ दर आणि तुमची विक्रीची किंमत यातल्या फरकाचे ८५ टक्के तुमचे, १५ टक्के स्मगमगचे. हे टक्के फरकावर आहेत, विक्रीच्या रकमेवर नाहीत, हे किंमत लावताना विसरायचं नाही. समजा लॅबचा दर १० डॉलर आहे आणि तुम्ही ४० लावले. फरक ३०, हातात २५.५०. आता दिवाळीनिमित्त २० टक्क्यांचं कूपन दिलं. गिऱ्हाइक ३२ भरतं, लॅबचे १० तसेच राहतात, फरक २२ आणि हातात १८.७०. म्हणजे सूट २० टक्के, पण तुमची कमाई जवळजवळ २७ टक्क्यांनी घटली. मूळ दर जितका जास्त, तितका हा फटका मोठा. मेटल, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या, प्रिंटवर कूपन देताना आधी कागदावर आकडेमोड करा.

प्राइस लिस्ट नवी बनवा, तयार यादी जशीच्या तशी सोडू नका. लॅबच्या मालात मगपासून मोबाइल कव्हरपर्यंत सगळं असतं. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या फोटोखाली पन्नास वस्तू दिसल्या की माणूस गोंधळतो आणि टॅब बंद करतो. सहा-सात साइझ, दोन कागद, एक कॅनव्हास, एक मेटल; बास. कागदात मी लस्टर, म्हणजे कमी चमकीचा कागद, सुचवेन. ग्लॉसीवर खिडकीचा उजेड चमकतो आणि बोटांचे ठसे उमटतात.

साइझचं गणित हा खरा खड्डा. बहुतेक कॅमेऱ्यांची फ्रेम ३:२ असते. त्यामुळे ४ × ६, ८ × १२, १२ × १८, १६ × २४, २० × ३० इंचात ती न कापता बसते. ८ × १० मागवलं की ६००० × ४००० पिक्सेलच्या फाइलमधून ५००० × ४००० एवढंच उरतं, आडव्या फ्रेमचा सहावा भाग जातो. कोकणकड्याच्या अर्धगोलाचं एक टोकच गायब! गिऱ्हाइकाला चेकआउटवर क्रॉप हलवता येतो, पण फोनवर ऑर्डर देणारा तो बघतोच असं नाही. म्हणून निसर्गचित्रांच्या यादीत फक्त ३:२ चे साइझ ठेवा आणि ८ × १०, ११ × १४, १६ × २० सरळ काढून टाका. अमेरिकेत तयार फ्रेम याच मापांच्या सहज मिळतात, त्यामुळे कोणी मागेलही. त्या मापाची वेगळी क्रॉप केलेली फाइल ठेवून तिला स्वतंत्र यादी लावली तर काम भागतं. पॅनोरमाचंही तेच. पाच उभ्या फ्रेम जोडल्या की २.३७:१ असं काहीतरी विचित्र प्रमाण निघतं. अपलोड करण्याआधीच ते २:१ किंवा ३:१ ला आणून ठेवा.

२४ मेगापिक्सेलची फाइल १६ × २४ इंचाला इंचामागे २५० पिक्सेल देते, २० × ३० ला २००. जवळून पाहिलं तरी चालतं. २४ × ३६ ला १६६ उरतात. कॅनव्हासचं विणकाम ते झाकतं, मेटल झाकत नाही. तेव्हा यादीतला सगळ्यात मोठा साइझ फाइलवरून ठरवा, हौसेवरून नको.

कॅनव्हासची आणखी एक गोम आहे. दीड इंच जाडीच्या चौकटीवर कापड वळतं, म्हणजे चारी बाजूंनी दीड इंचापेक्षा थोडा जास्त भाग कडेला जातो. भगवा झेंडा फ्रेमच्या वरच्या काठाला टेकलेला असेल तर तो भिंतीवरच्या चित्रात दिसणारच नाही, चौकटीच्या जाडीवर वळलेला सापडेल. अशा फोटोंसाठी कडेला प्रतिबिंब छापण्याचा पर्याय लॅबकडे असेल तर तो घ्या, नाहीतर त्या फोटोला कॅनव्हास लावूच नका.

रंगांकडे येऊ. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत, प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ती नोंद) फाइलमध्येच ठेवून, जेपेग ९० च्या आसपास क्वालिटीला निर्यात करा. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीची फाइल प्रोफाइल गाळून चढवली तर श्रावणातला हिरवा फिका, मातकट दिसतो. पण सह्याद्रीच्या हिरव्याचा खरा त्रास याच्या उलट आहे. पावसाळ्यातलं गवत स्क्रीनवर पेटवण्यासाठी सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) ओढलेलं असतं, हिरवा चॅनल टोकाला गेलेला असतो, आणि प्रिंटमध्ये गवताच्या काड्या जाऊन एकसंध हिरवा डाग उरतो. सॉफ्ट प्रूफ (छापील रंगांचा स्क्रीनवरचा अंदाज) चालू करून हिरव्या आणि पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा आणि ल्युमिनन्सने (उजळपणाने) काम चालवा. कासच्या 'सीतेची आसवं' या फुलांचा निळा-जांभळाही असाच फसवा आहे, छपाईत तो सहज निळ्याकडे झुकतो. शिवाय मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं असेल तर प्रिंट काळपट येणार. कड्याच्या सावलीतला कातळ आधी मरतो. 'लॅबने बिघडवलं' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ हेच असतं.

धुक्याचे फोटो विकायला असतील तर मोठं करून आकाश तपासा. आठ बिटच्या जेपेगमध्ये धुक्याच्या सौम्य उतारावर पट्टे पडतात. निर्यातीआधी किंचित ग्रेन (बारीक दाणे) टाकला की ते मोडतात.

वॉटरमार्क फक्त दाखवायच्या प्रतीवर येतो, छापायला मूळ स्वच्छ फाइलच जाते, तेव्हा ती भीती नको. दाखवायचा कमाल साइझ मात्र गॅलरीच्या सेटिंगमध्ये मर्यादित करा. 'ओरिजिनल' उघडा राहिला असेल तर माणूस पूर्ण फाइल बघू शकतो, मग विकत कशाला घेईल? राइट-क्लिक बंद करण्याची सोय आहे, तिचा उपयोग मर्यादित. फोनवरचा स्क्रीनशॉट कोणी थांबवू शकत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला तेवढा पुरतोही. तो आपला गिऱ्हाइक नव्हताच म्हणून सोडून द्या. फोटोच्या मधोमध आडवातिडवा वॉटरमार्क टाकून जो भिंतीवर लावणार होता त्यालाही घालवू नका.

गॅलरीची लिंक रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केली की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. मथळा आणि कॅप्शन मात्र दोन्ही लिप्यांत लिहा, आणि कीवर्डमध्ये गडाच्या नावाची सगळी रोमन रूपं टाका. 'हरिश्चंद्रगड' शेवटी नुसता डी लावून शोधणारे आहेत, डीएच लावणारे आहेत आणि आरएच लावणारेही आहेत. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं डीएससी-अमुक असेल तर शोधात ती कधीच वर येणार नाही.

लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरच्या पब्लिश सर्व्हिसने अपलोड करत असाल तर एक जपा: तिथला संच काढला की ऑनलाइन गॅलरीही जाऊ शकते. फोटो सुधारायचा असेल तर तो काढून नवा चढवू नका, जुन्याच्या जागी बदला. लिंक तीच राहते.

भारतातल्या गिऱ्हाइकाला हे दुकान सोयीचं नाही, हे आधीच मान्य करा. प्रिंट परदेशातून येणार, टपाल आणि कस्टम्स वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच मिळतात, ग्राहकाला ती स्वतः सुरू करावी लागतात, त्यामुळे बरेच जण पेमेंटच्या पानावरून परत फिरतात. त्यांना गॅलरी फक्त निवडायला दाखवा, पैसे यूपीआयने घ्या आणि प्रिंट आपल्या ओळखीच्या लॅबमधून काढा.

तुमचे पैसे पेपालने येतात. १ एप्रिल २०२१ पासून पेपालने भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं, पण परदेशातून येणारी रक्कम चालू आहे आणि ती आपोआप बँकेत वळती होते. पॅनवरचं आणि बँक खात्यावरचं नाव एकच असू द्या, नाहीतर पैसे अडकतात. परदेशी रक्कम जमा झाल्याचे दाखले दर महिन्याला उतरवून ठेवा, सीए तेच मागतो.

हक्काचं एक कलम विक्रीआधी वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. ट्रेक आयोजकाने मानधन देऊन नेलं असेल तर त्या सहलीतला सूर्योदय तुम्ही विकण्याआधी करार काढून बघा. आणि वारीतल्या आजीचा चेहरा ओळखू येत असेल तर डाउनलोडचा कमर्शियल परवाना तिच्या लेखी संमतीशिवाय चालू ठेवू नका.

शेवटचं सेटिंग: प्रूफ डिले. ऑर्डर आल्यावर ती लॅबला जाण्याआधी काही काळ थांबवता येते. तेवढ्या वेळात क्रॉप बघता येतो, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसता येतो, फाइल बदलता येते. दिवाळीच्या भेटीच्या ऑर्डरींसाठी हा वेळ कमी करा आणि गॅलरीच्या वरच शेवटची तारीख लिहा: लॅबचे छपाईचे दिवस, पोचवायचे दिवस आणि वर तीन दिवस जादा धरून. दुकान उघडण्याआधी न्यू जर्सीतल्या एखाद्या भाचीच्या पत्त्यावर एक ८ × १२ मागवा आणि तिला सांगा, खिडकीशी धरून कड्याच्या सावलीत कातळाच्या रेघा दिसतात का बघ.