म्युझिकब्रेन्झचा डायग्राम: थोडा गुंता सुटला

मागच्या वेळी म्हणालो होतो की म्युझिकब्रेन्झ या गाणी-अल्बमांच्या खुल्या डेटाबेसचा अख्खा स्कीमा, म्हणजे सगळी टेबलं आणि त्यांची एकमेकांशी नाती, एकाच डायग्राममधे बसवतो. तर तो नाद सोडलाय.

आधी माझाच गाढवपणा सांगतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधे टेबलं तयार केली, टूलला डायग्राम काढायला सांगितला, तर नुसते खोके, रेषा एकही नाही. दोन संध्याकाळी टूलला शिव्या घातल्या आणि मग दिसलं की टेबलं बनवायची फाईल वेगळी, फॉरेन कीची (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे, रेषा त्यांच्याच निघतात) वेगळी, मी पहिलीच चालवली होती. तिच्यात कुठला कॉलम कुणाकडे बोट दाखवतो ते कॉमेंटमधे लिहिलंय खरं, पण कॉमेंट वाचून टूल थोडंच रेषा काढणार!

दुसरी फाईल चालवली आणि रेषांचं जंगल झालं. मुख्य कारण ती नावात सुरुवातीला एल असलेली, दोन प्रकारच्या गोष्टी जोडणारी टेबलं, आर्टिस्ट-रेकॉर्डिंग, आर्टिस्ट-वर्क (वर्क म्हणजे मूळ रचना) असं प्रत्येक जोडीला एक. नुसते 10 प्रकार धरले तरी स्वतःशीच जोडी धरून 55 टेबलं होतात. ती बहुतेक सगळी काढून टाकली, भाषा, लिपी, स्टेटस असली नुसत्या ठरावीक पर्यायांच्या यादीची लुकअप टेबलंही. रेकॉर्डिंग-वर्क तेवढं ठेवलं, एकाच गाण्याची कव्हर्स त्यातूनच सापडतात.

तरी मधे गाठ राहिलीच, आर्टिस्ट क्रेडिटची, म्हणजे कुठल्या कलाकारांचं नाव कसं लावायचं ते ठेवणाऱ्या टेबलाची. ट्रॅक, रेकॉर्डिंग, रिलीज (अल्बमची एखादी आवृत्ती), रिलीज ग्रुप (त्या सगळ्या आवृत्त्या मिळून एक अल्बम), चौघंही त्याच एका टेबलाला धरून बसलेत. शेवटी ग्राफविझ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमधे त्याचे चार नोड केले, आयडी वेगळे, लेबल एकच, आणि प्रत्येकाच्या शेजारी एकेक फिकट खोका ठेवला. एक टेबल चारदा काढणं नियमात बसत नाही म्हणा, पण चित्र माझ्यासाठी आहे, परीक्षेसाठी नाही.

मग लेआउट डावीकडून उजवीकडे केल्यावर कणा दिसला: रिलीज ग्रुप, रिलीज, मीडियम (त्यातली एकेक सीडी वगैरे), ट्रॅक, आणि टोकाला रेकॉर्डिंग. तेच गाणं मूळ अल्बममधे आणि नंतरच्या कलेक्शनमधे आलं तर ट्रॅक दोन, रेकॉर्डिंग एकच! माझ्या जुन्या एक्सेलमधे मी असली गाणी दोनदा टाकून, मग हाताने डुप्लिकेट शोधत बसायचो.

आता ती एक्सेल या कण्यावर चढवतोय. मीडियमपाशी अडकलोय, कारण कुठली सीडी सेटमधली कितवी हे मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं, त्यामुळे सगळे बॉक्ससेट परत उघडून बघणं आलं.