कॅनकूनच्या रिसॉर्टमध्ये टिप द्यायला सुट्टे मिळवताना

ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं, खाणं-पिणं सगळं एकाच पॅकेजात) रिसॉर्टला कोणाला किती टिप द्यायची, हे पाच मिनिटांत ठरतं. मेक्सिकोतल्या कॅनकूनला माझा वेळ गेला तो टिपेसाठी सुट्ट्या नोटा जमवण्यात, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

पॅकेजवर ‘टिपसह’ छापलेलं असलं तरी बारवाले, वेटर आणि खोल्या आवरणाऱ्या बायका यांच्यासाठी हातात पडणारी टिप महत्त्वाची असते, कारण मूळ पगार तुटपुंजा असतो. मी धरलेला हिशेब असा: बारवर दर फेरीला 1–2 डॉलर, बुफेत टेबल सांभाळणाऱ्याला 2–3, मेन्यूवरून मागवून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये दोघांमागे 5, सामान उचलणाऱ्याला बॅगेमागे 1–2, खोली आवरणारीला रोज 3 ते 5. पेसोत, म्हणजे तिथल्या चलनात, द्यायचं तर गेल्या काही वर्षांत डॉलरला साधारण 17 ते 20 पेसो पडले आहेत, म्हणजे 20 पेसो म्हणजे एक डॉलर धरला तरी चालतं.

आता सुट्ट्यांचं. पुण्या-मुंबईत डॉलर घेताना हातात बहुधा 100 आणि 50 च्याच नोटा पडतात. रिसॉर्टच्या फ्रंट डेस्कवर 20 च्या नोटेची मोड मागितली, तर सकाळी “संध्याकाळी या” आणि संध्याकाळी “सकाळी या”. असे तीन दिवस गेले. त्या दिवशी आलेला प्रत्येक पाहुणा तेच मागतो आणि गल्ल्यात लहान नोटा मोजक्याच असतात. हे पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर मी तिथे पुन्हा उभा राहिलो नसतो. तीन दिवस बारवाल्याने हसतमुखाने ग्लास पुढे करायचा आणि आपला हात रिकामा, हे फार लागतं.

मोड शेवटी बारवरच मिळाली. रात्री बार आवरायच्या वेळी बारवाल्याकडे एक-एक डॉलरच्या नोटांचा गठ्ठा जमलेला असतो, आणि त्याला त्याऐवजी 20 ची एक नोट सोयीची पडते. गर्दी ओसरल्यावर “कांबिओ?” (सुट्टे?) एवढंच विचारा आणि त्यातलीच एक नोट त्याला परत द्या. फ्रंट डेस्कच्या नादी लागूच नका.

दुसरा मार्ग एटीएमचा. रिसॉर्टच्या लॉबीतली काही मशीन डॉलर देतात, म्हणून पडद्यावर चलन वाचल्याशिवाय बटण दाबू नका. पेसो काढताना मशीन स्वतःच्या दराने रूपांतर करू का असं विचारतं. तिथे ‘नाही’ म्हणा. व्यवहार रद्द होत नाही, फक्त दर तुमच्या बँकेचा लागतो आणि तो जवळजवळ नेहमीच बरा असतो. मोठी रक्कम काढली की 500 च्या नोटा येतात. म्हणून 500 ऐवजी 400 मागा, म्हणजे 200 किंवा 100 च्या नोटा येतात. मग दुकानात पाण्याची बाटली घेऊन त्या मोडा.

500 ची नोट निळी आणि बेनितो हुआरेस यांच्या चित्राची. 20 ची जुनी नोटही निळी आणि त्यांच्याच चित्राची. अंधाऱ्या बारमध्ये 20 समजून 500 हातातून जाऊ शकते. 500 ची नोट कागदी आणि लांब, जुनी 20 ची प्लास्टिकची आणि आखूड. बोटांनी चाचपून द्या.

डॉलरची नाणी मात्र कोणालाच देऊ नका. मेक्सिकोत बँका ती बदलून देत नाहीत, घेणाऱ्याच्या ती काही कामाची नाहीत. फाटकी किंवा पेनाने लिहिलेली नोटही तशीच अडते. पेसोची नाणी चालतात. 20 पेसोचं बारा कडांचं नाणं तर टिपेला अगदी नेमकं. एकूणच मला पेसो देणं जास्त बरं वाटतं. 2010 पासून तिथल्या बँकांनी रोख डॉलर किती घ्यायचे यावर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे डॉलर मिळालेल्या माणसाला ते बदलायला अनेकदा हेलपाटा पडतो आणि दरातही तोटा होतो.

खोलीची टिप शेवटच्या दिवसासाठी साठवू नका. आवरणारी बाई सुट्टीवर गेली की दुसरी येते आणि आठवड्याचे पैसे भलत्याच हाती जातात. रोज सकाळी उशीवर ठेवा, सोबत ‘ग्रासियास’ (धन्यवाद) लिहिलेली चिठ्ठी हवीच. चिठ्ठीशिवाय पाहुण्याचे विसरलेले पैसे समजून आवरणारी बाई हात लावणार नाही.

स्विमिंग पूलमधल्या बारवर 50 आणि 100 पेसोच्या नव्या नोटा न्या, त्या प्लास्टिकच्या असल्याने भिजून बिघडत नाहीत. अमेरिकेत कोणी नातेवाईक असतील आणि तिथून निघणार असाल, तर आठवडाभर आधी त्यांना बँकेतून 1 डॉलरच्या 100 नोटांचं बंडल आणून ठेवायला सांगा. आणि कॅरिबियनमधल्या सँडल्स या कंपनीच्या रिसॉर्टला जाणार असाल तर यातलं बहुतेक लागू नाही: तिथे बटलर आणि स्पाचे कर्मचारी सोडले तर टिप घ्यायला मनाई आहे, आग्रह केला तर त्यांचीच अडचण होते.