नाशिक ते नेपाळ : गाडी बंद पडली तर कोण येणार?

स्वतःच्या गाडीने नेपाळला जाऊन आल्यापासून सारखे कोणाचे ना कोणाचे फोन येतायत. रस्ता कसा आहे, जेवणाचं काय, पशुपतिनाथाला गर्दी किती. ते सगळं सोपं आहे हो. नाशिकच्या द्वारका चौकातून आग्रा रोडला लागायचं. धुळे, इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर आणि मग सीमेवरचं सोनौली. संपलं. मला जे सांगायचंय ते मात्र कोणी विचारत नाही. गाडी तिकडे बंद पडली तर आपल्या विम्यातलं आणि त्या आरएसएतलं, म्हणजे रोडसाइड असिस्टन्समधलं, नेमकं काय चालतं? हे शोधताना जेवढं डोकं फिरलं तेवढं नेपाळातल्या सिद्धबाबाच्या घाटातही फिरलं नाही.

आमचा एजंट जुना, घरचाच म्हणा. त्याला विचारलं, तर म्हणाला, “साहेब, फुल इन्शुरन्स, झिरो डेप, वर आरएसए. बिनधास्त जा.” (झिरो डेप म्हणजे क्लेम देताना सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत.) मीही बिनधास्त गेलो असतो. पण बायकोने बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात आयुष्य काढलंय. ती म्हणाली, पॉलिसी आण, आधी वाचू.

पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ‘जिऑग्राफिकल एरिया : इंडिया’ असं छापलेलं होतं. म्हणजे सीमा ओलांडली की अपघाताचं नुकसान, थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान), सगळंच बाद. याला उपाय आहे आणि तो जुना आहे. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दर-नियमांत, ‘आयएमटी १’ नावाची एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, आहे. त्यात बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत विमा वाढवून मिळतो. पॅकेज पॉलिसीला, म्हणजे फुल इन्शुरन्सला, ५०० रुपये, नुसत्या लायबिलिटी पॉलिसीला, म्हणजे फक्त थर्ड पार्टीला, १००. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. गाडी बोटीने किंवा विमानाने नेत असाल तर त्या प्रवासातलं नुकसान त्यात धरत नाहीत, पण सोनौलीला जाणाऱ्याला त्याचं काय!

एवढं घरी बसून अर्ध्या तासात कळलं. हे कळायला विमा कंपनीच्या शाखेतल्या लोकांना किती दिवस लागले ते आता ऐका.

शाखा शरणपूर रोडच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर. काउंटरवरचा मुलगा हसतमुख होता, हे आधीच सांगतो. म्हणाला, “सर, पॉलिसी ऑल इंडिया असते.” मी म्हटलं, अरे, नेपाळ इंडियात नाही. तर म्हणे, “हो, पण बॉर्डरला लागूनच आहे ना!” मी आयएमटी १ ची प्रिंट त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून बघितली, आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, सिस्टीममध्ये असा ऑप्शनच येत नाही. मग साहेबांना भेटलो. साहेब म्हणाले, मुंबईला अंडररायटिंगला, म्हणजे जोखीम तपासून मंजुरी देणाऱ्या विभागाला, मेल टाकावा लागेल. टाका म्हटलं. मुंबईहून उलटा प्रश्न आला : प्रवासाचा तपशील द्या, कोण कोण जाणार, हॉटेल बुकिंग जोडा. हॉटेल बुकिंगचा आणि माझ्या गाडीच्या विम्याचा संबंध काय, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. दिलं तेही. मग ‘अप्रूवल पेंडिंग’. मग जे साहेब बघत होते ते रजेवर. मग नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळी कथा.

शेवटी पैसे भरायची लिंक आली. ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, ५९० रुपये. तेवढ्यासाठी शरणपूर रोडला पार्किंग शोधत जे डिझेल जाळलं त्याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही. पैसे भरले, संध्याकाळी मेलवर एंडोर्समेंट आली आणि त्यात देश लिहिला होता भूतान.

फोन केला. तोच हसतमुख मुलगा. “सर, काही फरक पडत नाही, सहाही देश एकाच कोडमध्ये येतात.” मी म्हटलं, बाबा रे, भूतानचा कागद दाखवून नेपाळातल्या अपघाताचा क्लेम पास करून देशील का तू? तेवढं लिहून दे, मी हाच कागद घेऊन जातो. तो गप्प. दुरुस्त कागद आला तेव्हा आमच्या घरी बॅगा भरायला सुरुवात झाली होती. तर हा कागद हातात आला की लगेच देश, गाडीचा नंबर आणि ‘पासून-पर्यंत’च्या तारखा वाचा. शाखेतून बाहेर पडायच्या आत वाचा.

आता खरी गोम. हा कागद मिळाला म्हणजे आपण जिंकलो असं मला वाटलं. बायको म्हणाली, हा अपघाताचा झाला. बंद पडण्याचं काय? तिचं बरोबर होतं. पॅकेज पॉलिसीत मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल बिघाड सरळ वगळलेला असतो. क्लच गेला, अल्टरनेटर गेला, रेडिएटर गळला, तर तो अपघात नव्हे. गाडी वर्कशॉपपर्यंत उचलून न्यायचा खर्च मूळ पॉलिसीत आहे, पण तो अपघातानंतरच, आणि खाजगी गाडीला सगळं मिळून १५०० रुपयांपर्यंत. घाटातून क्रेनने गाडी काढायला १५०० रुपयांत कोण येतं ते मला दाखवा.

म्हणजे मदार आरएसएवर. मी कस्टमर केअरला फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, “सर, आपकी पॉलिसी नेपाल तक एक्स्टेंड हो गई है, तो आरएसए भी अपने आप हो गया.” फार बरं वाटलं. म्हटलं, एवढं एक वाक्य मेलवर पाठवा. तर म्हणे, तशी सोय नाही. दुसऱ्या वेळी दुसऱ्या बाई. त्या म्हणाल्या, नेपाळात आमचे टाय-अप आहेत. कोणाशी? ते सिस्टीममध्ये दिसत नाही. तिसऱ्याने तर मलाच विचारलं, “सर, नेपाल का पिनकोड?”

इथे बायकोने एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी. पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानांवर, प्रत्येक ॲड-ऑनच्या (जादा पैसे भरून घेतलेल्या कव्हरच्या) नावापुढे एक लांबलचक नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. तो यूआयएन. मूळ पॉलिसीचा वेगळा, झिरो डेपचा वेगळा, आरएसएचा वेगळा. कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून त्या ॲड-ऑनचे पूर्ण नियम उतरवून घेता येतात. आपल्याला घरी जे पाठवतात ते नुसतं शेड्यूल असतं, हे नियम त्यात नसतात. तिने ते पीडीएफ लॅपटॉपवर मोठं करून, ओळीखाली बोट धरत वाचलं.

पहिल्या दोन पानांवर सगळी गोडी. टोइंग ५० किलोमीटरपर्यंत, जवळच्या अधिकृत वर्कशॉपला. बॅटरी उतरली तर जंप स्टार्ट. पंक्चर झालं तर माणूस येऊन स्टेपनी बसवणार. इंधन संपलं तर पाच लिटरपर्यंत आणून देणार. पुढच्या पानांवर एकेक काटा : इंधनाचे पैसे आपले, नवी बॅटरी लागली तर आपली, सुट्या भागांचे पैसे कधीच नाहीत, ५० किलोमीटरच्या पुढे किलोमीटरमागे वेगळा दर, वर्षात चारच वेळा. दरड, पूर, आंदोलन असेल किंवा त्यांची गाडी जिथे पोहोचू शकत नाही तिथे सेवा नाही. आणि अगदी शेवटी, व्याख्यांमध्ये, ‘कव्हरेज एरिया’. तिथे भारताच्या भौगोलिक हद्दीत, असं स्वच्छ लिहिलेलं. मूळ पॉलिसीला एंडोर्समेंट जोडली तर ही हद्द वाढेल, असं कुठेही नाही.

मी ती ओळ, यूआयएन आणि दोन सरळ प्रश्न लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटी असतो. खाली लिहिलं की उत्तर आलं नाही तर आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर टाकतो. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं, आणि लेखी आलं : आरएसए सेवा फक्त भारतात. बस्स, एवढंच हवं होतं! नाही तर नाही म्हणा, माणूस आपली सोय बघतो. ‘हो हो होईल’ या उत्तराचा मला जास्त राग आहे.

गाडीच्या कंपनीच्या वॉरंटीचंही तसंच आहे. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्र यांची वर्कशॉप नेपाळात आहेत, पण ती तिथल्या वितरकांची. तुमची एमएच १५ ची गाडी ते पैसे घेऊन दुरुस्त करतील, पण इकडची वॉरंटी दाखवून फुकट काही मिळेल असं धरून चालू नका. निघायच्या आधी वर्कशॉपचे फोन नंबर मात्र लिहून घ्या. मी काठमांडू, पोखरा आणि बुटवलचे घेतले होते.

कव्हर नाही म्हटल्यावर अंबडच्या आमच्या मिस्त्रीकडे गाडी दोन दिवस ठेवली. बॅटरी बदलली, बेल्ट बदलला, पुढचे दोन टायर नवे टाकले. टोचन करायला चांगला जाड पट्टा घेतला, जंपर केबल घेतली. ‘ब्रेकडाउनसाठी’ म्हणून घरात एक वेगळी रक्कम काढून ठेवली. टोचन, वर्कशॉप, एक जादा मुक्काम, एवढं त्यात निघेल अशी.

सोनौलीचा सोपस्कार काहीच नाही. पलीकडे बेलहियाला भन्सार भरायचा, म्हणजे त्यांचं कस्टम. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी, ओळखपत्र. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र ठेवा. आपलं भारतातलं लायसन्स तिथे चालतं. त्यासाठी इंटरनॅशनल परमिट काढा म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. ते परमिट युरोपात वगैरे भाड्याने गाडी घेणाऱ्याला लागतं. पेठ रोडच्या आरटीओत निघतं, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यावरून आठवलं. माझा भाचा फ्रान्समध्ये असतो. तो सांगत होता की तिथल्या टोलवाल्या महामार्गावर गाडी बंद पडली तर तुमची असिस्टन्स कंपनी स्वतःची टो गाडी आत पाठवूच शकत नाही. रस्त्याकडेच्या नारिंगी फोनवरून किंवा ११२ वर कळवायचं, तिथली अधिकृत गाडी येणार, सरकारने ठरवलेला दर तुम्ही भरणार आणि पावती जपून नंतर कंपनीकडून मागणार. पावती हरवली की पैसे गेले. म्हणजे कव्हर असूनही आधी खिशात हात घालायचा. भाड्याच्या गाडीत पेट्रोलऐवजी डिझेल भरलं, किल्ली हरवली, टायर फाटला, तर हे बहुतेक वेळा मूळ कव्हरमध्ये नसतं, असंही तो म्हणाला.

भन्सारचं एक राहिलं. दिवस मोजून घेऊ नका, एक-दोन जादा घ्या. पैसे दिवसावर असतात म्हणून लोक काटकसर करतात. पण गाडी वर्कशॉपला अडकली तरी भन्सारचे दिवस चालूच राहतात. मुदत संपली की दंड, आणि वाढवून घ्यायची तर पुन्हा भन्सार कार्यालय गाठा.

आमची गाडी अडकली ती परतताना, नारायणगढ ते बुटवलच्या मध्ये. त्या पट्ट्यात रुंदीकरणाचं काम रखडलेलं, सगळी धूळ आणि खड्डे. रेडिएटरचा खालचा पाइप फाटला, तापमानाचा काटा वर गेला, मी गाडी कडेला घेतली. म्हणजे निव्वळ मेकॅनिकल बिघाड : एंडोर्समेंटचा उपयोग नाही, आरएसएचा नाही. मागून आलेल्या एका पिकअपवाल्याला हात केला. आमचाच पट्टा लावून त्याने पुढच्या बाजारापर्यंत टोचन करून सोडलं आणि पैसे घेईना, म्हणून डझनभर केळी आणि कोल्ड्रिंक दिलं. मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचा पाइप कापून, दोन क्लिपा आवळून बसवला. किती म्हटलं तर म्हणाला, “सोह्र सय.” सोळाशे. इथे लगेच विचारायचं, आयसी का एनसी? भारतीय की नेपाळी? एनसी म्हणाला. त्यांचे १.६० म्हणजे आपला एक, हा दर ठरलेला आहे, म्हणजे आपले हजार. तो पाइप नाशिकपर्यंत टिकला.

अपघात झाला असता तर मात्र वेगळं होतं. तिथे ट्रॅफिक पोलिसांचा नंबर १०३, पोलिसांचा १००. गाडी हलवायच्या आधी फोटो, पोलिसांचा कागद, आणि विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवणं, नाहीतर एंडोर्समेंट असूनही क्लेम अडवायला त्यांना निमित्त मिळतं. आणि कळवायचं कुठे, हेही निघायच्या आधी बघून ठेवा. पॉलिसीवर छापलेला नंबर १८०० ने सुरू होतो. तो नेपाळातून लागत नाही. मी पोखऱ्यात हॉटेलच्या गच्चीत उभा राहून लावून बघितला. परदेशातून लागेल असा साधा, एसटीडी कोडवाला नंबर द्या, असा मेल मी तिथूनच कंपनीला केला होता. त्याचं स्टेटस अजून ‘अंडर प्रोसेस’ आहे, आणि रिन्यूअलचे मेसेज मात्र वेळेवर येतायत.