मुहूर्त कितीचा?

रविवार, रात्री उशिरा

आजीनं बंड्याच्या मुंजीची, मी डिझाइन केलेली पत्रिका हातात घेतली, गॅलरीच्या उजेडाकडे धरली, लांब नेली, जवळ आणली. "छान झालीय हो," म्हणाली. चष्म्याच्या घराखाली सरकवून ठेवली आणि मग विचारलं, "बरं, मुहूर्त कितीचा गं?"

मुहूर्त पत्रिकेवर आहे. ७ पॉइंटात, म्हणजे बारीक टायपात आहे, पण आहे.

संध्याकाळपासून ते "छान" सुटत नाहीये. वर्षभरात एकाही ज्यूरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडतो तिथं, मला कुणी छान म्हणालं नाही. दुसऱ्या सत्राच्या पोस्टरवर परीक्षक चार मिनिटं बोलले, चारही मिनिटं नुसत्या चुका. घरी येऊन जेवले नव्हते. पण चार मिनिटं ते पोस्टर बघत तरी होते. आजीनं पत्रिका पाहिली किती, पाच सेकंद? आणि छान. बंड्याच्या मुंजीसाठी आठ रात्री जागले त्याचं छान. फीचा दुसरा हप्ता भरताना बाबा काही बोलले नाहीत, ते न बोलणंही आज उगाच आठवलं. असो.

भिंगाखाली पत्रिका धरून पाहिली. मुहूर्ताची ओळ म्हणजे ओळ नाहीच, ठिपके आहेत. मजकूर मी ६० टक्के काळ्यात टाकला होता, कारण पूर्ण काळा "जड" वाटत होता. प्रिंटरकडे करडी शाई नसते, तो काळ्याचे ठिपके विरळ मारून करडा भास करतो. इंचाला १७५ ओळींची जाळी धरली तर दोन ठिपक्यांत साधारण ०.१५ मिलिमीटर अंतर पडतं. मी घेतलेल्या लाइट वजनाच्या फॉन्टची शिरोरेषा ७ पॉइंटात जेमतेम ०.१ मिलिमीटर. म्हणजे रेघ जाळीपेक्षा बारीक. काही ठिकाणी ठिपका रेघेवर बसला, काही ठिकाणी हुकला. ९चं पोट आणि ४ची गाठ दोन्ही विरघळलेली. बारीक मजकूर नेहमी १०० टक्के काळा, रंगीत छपाईतल्या बाकीच्या तिन्ही शाया शून्य. हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून.

आणि ७ पॉइंट तरी का? कारण नमुना म्हणून समोर ठेवलेलं कार्ड इंग्रजी होतं. इंग्रजीत ७ पॉइंट खपून जातं. देवनागरीत त्याच उंचीत वर रफार-मात्रा, खाली उकार, आणि मधे उरलेल्या जागेत अक्षर. त्यामुळे त्याच आकड्याला देवनागरी लहान दिसते. दीड-दोन पॉइंट वाढवून द्यायचे आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तर ११च्या खाली जायलाच नको होतं. पण मी तपासत होते स्क्रीनवर, २०० टक्के झूम करून. तिथं सगळंच वाचता येतं. खऱ्या मापाची एक झेरॉक्स काढून हात लांब करून पाहिली असती तर दोन रुपयांत भागलं असतं.

प्रेसमधल्या भाईंनी सांगितलं होतं तसं. "बेन, अक्षर बहु झीणा छे." मी काय म्हणावं? "चालशे, डिझाइन छे." आत्ता लिहितानाही कान गरम होतायत.

बाकीच्या चुका आजीला दिसल्या नसतील. म्हणजे तिनं दाखवल्या नाहीत. बंड्याचं नाव २४ पॉइंटात, त्याला ६०चं ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधे वाढवलेली फट. रोमन कॅपिटल्सना अशी हवा दिली की ती ऐटदार दिसतात. आपल्या दांडिया बाजारातल्या गुजराती पाट्यांनाही चालते, कारण गुजरातीला शिरोरेषाच नाही, प्रत्येक अक्षर सुटं उभं. देवनागरीत ६० म्हणजे दर दोन अक्षरांमधे जवळपास अर्धा मिलिमीटर फट, आणि वरची रेघ तुटलेली. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी मधेमधे कापून टाकावी तशी. वाईट हे की मला ती फट दिसली होती, आणि आवडली होती.

दुसरी चूक "ल" आणि "श"ची. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांना क्रमांक एकच, रूप फॉन्ट ठरवतो. बऱ्याच फॉन्टमध्ये मुद्दाम काही सांगितलं नाही तर हिंदी वळणाचा दांडीवाला ल येतो. पाकळीदार ल आणि देठाचा श (महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत) हवे असतील तर मजकूर निवडून सॉफ्टवेअरच्या कॅरॅक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी करायची, आणि फॉन्टमध्ये ती रूपं असायला हवीत. मी कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) वर्ल्ड-रेडी केला, जोडाक्षरं जुळली, ऱ्हस्व वेलांटी जागेवर आली, आणि झालं म्हणून खूश झाले. भाषा इंग्रजीच राहिली. आमच्या गल्लीत कुणाला कळणार, असं काल म्हणाले असते. पण आजीच्या हाताचा ल मला माहीत आहे, आधी डावी पाकळी, मग उजवी, आणि शेवटी रेघ.

तिसरी "बाहेरगावाहून येणार्यांसाठी". तिथं ऱ्या हवा होता. र, पाय मोडका, य टंकलं की डोक्यावर रफार चढतो. नुक्त्याचा ऱ घ्यायचा (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे), मग पाय मोडायचा, मग य. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. एवढ्याशा फरकानं माणूस बुडू शकतो. प्रेसमध्ये बसल्या बसल्या दुरुस्तही करता येईना, कारण फॉन्टची भानगड नको म्हणून फाइल कर्व्ह करून नेली होती. अक्षरांचे आकार होतात, मजकूर उरत नाही. न कर्व्ह केलेली प्रत पेनड्राइव्हवर सोबत ठेवायची असते. कुणाकडे असते? माझ्याकडे नव्हती.

वर्षभर मग शिकले काय? पोस्टर कलर पातळ ताकासारखा केला तर पट्टे येतात, घट्ट दह्यासारखा लावला तर वाळून तडकतो; मधला लागतो, पहिला हात आडवा, पूर्ण वाळू द्यायचा, दुसरा उभा. ग्रे स्केलला पांढऱ्यात काळा घालत जायचं, उलट नाही, कारण काळ्याचा एक थेंब पांढऱ्याची अर्धी वाटी खातो. रोमनसाठी कापलेल्या निबनं देवनागरी लिहिली की जाड-बारीक उलटं पडतं, बोरूचा काप दुसऱ्या बाजूला हवा. हे सगळं येतं मला. हातानं येतं. आणि बंड्याचा मुहूर्त मात्र दिसत नाही.

गंमत म्हणजे गाव कुठलं, तर बडोदं. सयाजीरावांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं, दादासाहेब फाळके तिथं शिकले आणि सिनेमाच्या आधी छपाईच्या धंद्यातही उतरले. त्यांच्या छापखान्यातून लग्नपत्रिका निघत होत्या का कुणास ठाऊक. निघत असतील तर मुहूर्त दिसत असावा.

पुन्हा छापायचं तर हिशेब सोपा आहे. ५ बाय ७ इंचाची पत्रिका, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, १३ बाय १९च्या शीटवर चार बसतात. १००ला २५ शीट, वाया जाणारी दोन-तीन धरून २८. कागद तोच ३०० जीएसएमचा. पण निमाताईनं साठ पत्रिका आधीच वाटल्या आहेत, आणि फोनवर सगळ्यांना वेळ सांगितलीच आहे. फोनवर. म्हणजे पत्रिका वाचून येणारं तसंही कुणी नव्हतं. हे कळल्यावर रडावं की हसावं ठरेना, शेवटी हसूच आलं. उरलेल्या चाळिसांचं काय ते उद्या बघू. निदान बोर्डावर लावायची एक प्रत ११ पॉइंटात, पूर्ण काळी, रेघ न तोडता.

आत्ता पाणी प्यायला उठले तेव्हा चष्म्याच्या घराखालून पत्रिका काढून पाहिली. खालचा एक तृतीयांश भाग मी मुद्दाम रिकामा सोडला होता. तो भरून टाक म्हणून काका दोन दिवस मागे लागले होते आणि मी व्हाइट स्पेसवर त्यांना व्याख्यान दिलं होतं. तिथं निळ्या बॉलपेननं, मोठ्या अक्षरात, शिरोरेषा ओढून आजीनं लिहिलंय: मुहूर्त ९.४२. सकाळी लवकर निघणे. खाली औषधाची वेळ.

जागा बरोबर पुरली.