वाहाकाच्या बाजारात आधी मका पाहावा

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका प्रांतात जाणारे बहुतेक खवय्ये 'मोले' या मिरची-मसाल्यांच्या दाट रश्श्यासाठी जातात. मीही त्याच ओढीने गेले होते. परंतु तिथल्या बाजारांत फिरल्यावर माझे मत असे झाले की, हे जेवण समजून घ्यायचे असेल तर आधी मका पाहावा आणि मोलेकडे मागाहून वळावे.

आम्हां म्हापसेकरांना वारावर भरणाऱ्या बाजाराचे अप्रूप नाही. वाहाका शहराभोवतीच्या खोऱ्यांतही तीच रीत आहे: एत्लाचा बाजार बुधवारी, साआचिलाचा गुरुवारी, ओकोत्लानचा (आपल्यासारखाच) शुक्रवारी आणि सर्वांत गजबजलेला त्लाकोलुलाचा रविवारी. तिथे आसपासच्या गावांतून आलेल्या झापोतेक या मूलनिवासी समाजाच्या बायका पांढरा, पिवळा, तांबडा, निळसर काळा असा मका मांडून बसतात. त्या बाजारात चुनाही विकायला असतो; आपण पानाला लावतो तोच. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून रात्रभर तसाच ठेवला की सकाळी त्याची साल सुटते, आणि तो ओला दाणा दळला की भाकरी थापता येईल असे चिकट पीठ तयार होते. शिवाय मक्यातले अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका उचलला, चुन्याची कृती मात्र तिथेच सोडली. त्यामुळे अठराव्या शतकात स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या नायसिनच्या अभावाने होणाऱ्या रोगाने गाठले. याच खोऱ्यातील मित्लाजवळच्या गिला नाकित्स गुहेत सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मक्याची कणसे सापडली आहेत, तेव्हा इथल्या बायकांच्या हातांना हे ज्ञान असावे यात नवल नाही.

बाजारात मला सर्वांत आवडले ते 'तेहाते' हे पेय. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामे फळाची बी आणि 'रोसिता दे काकाओ' नावाची सुवासिक फुले एकत्र वाटून केलेला गोळा विक्रेती मोठ्या मातीच्या भांड्यात घेते आणि कोपरापर्यंत हात घालून मळत राहते. थोडे थोडे पाणी पडत जाते, तसा वर पांढुरका, दाट फेस चढतो, आणि तो फेसच गिऱ्हाइकाला हवा असतो. रंगवलेल्या तुंबडीतून हे पेय गारच देतात. चव मातकट, किंचित कडसर. पहिला घोट घेताच सर्वांना ते आवडेल असे मी म्हणणार नाही.

काळ्या मोलेने मात्र माझ्या स्वयंपाकघरातल्या एका समजुतीला धक्का दिला. गोव्याच्या खोला मिरचीचा लाल रंग जराही करपू नये म्हणून आपण जिवाचा आटापिटा करतो. इथे 'चिल्वाक्ले' ही महागडी मिरची काळी पडेपर्यंत भाजतात, तिच्या बिया तर अक्षरशः जाळतात, आणि मग त्यात मसाले, सुकामेवा, चॉकलेट घालून तासन्‌तास रटरटवतात. मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत ही कृती आली असती, तर आपल्या आमटीचे काय झाले असते, हा विचार मनात येऊन गेला.

शहरातल्या '२० नोव्हेंबर' बाजारात धुराने भरलेली एक गल्ली आहे; तिथे मांस वजनावर विकत घ्यायचे आणि समोरच निखाऱ्यावर भाजून घ्यायचे. लसूण, लिंबू, मीठ लावून भाजलेले नाकतोडेही सर्वत्र मिळतात. सुकटीवर वाढलेल्या गोवेकराने त्यांना नाक मुरडू नये.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: 'त्लायुदा' ही ताटाएवढी कडक भाकरी घेवड्याच्या लगद्याने आणि चिजाने मढवलेली असल्यामुळे निरुपद्रवी दिसते, पण चिजाखाली बहुधा डुकराची चरबी माखलेली असते. ती नको असल्यास 'सिन असिएंतो' असे आधीच सांगावे, आणि घेवडाही चरबीत परतला आहे का, ते विचारून घ्यावे.